चाळीस तासांचा ऐवज आहे, पण बोलणं कोणाशी चाललंय?

प्रश्न विचारणारी दिग्दर्शिका दहा वर्षांपूर्वी देश सोडून गेली. दिवसा पोटापाण्याची नोकरी, रात्री चित्रपट. आईवर माहितीपट करायला घेतलाय आणि चाळीस तासांचा ऐवज जमलाय. निम्मं फोनवरच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण, निम्मं दोन भेटींत केलेलं चित्रण. पैसे देऊ शकणारी एक संस्था म्हणते, ‘संदर्भ स्पष्ट करा, संघर्ष वाढवा.’ भाऊ म्हणतो, घरचं चव्हाट्यावर आणू नकोस. तिचा स्वतःचा प्रश्न वेगळाच आहे: यातून स्त्रीवादी चित्रपट होईल का, आणि निघून गेलेल्या मुलीला तो करायचा हक्क उरतो का?

मी सव्वीस वर्षं संकलन करते. त्यात स्थलांतरित दिग्दर्शिकांचे माहितीपट बरेच. त्यामुळे माझं उत्तर संकलनाच्या टेबलावरून येणार. सिद्धान्त शिकवणारी माणसं ते वेगळ्या वाटेने देतील.

तुम्ही ओझरतं एक वाक्य लिहिलंय. मला सगळ्या प्रश्नाची किल्ली तिथेच दिसते. फोनवर आई मोकळी बोलते, पण कॅमेरा लावला की ‘आमच्याकडे असं असतं’ म्हणायला लागते. हे ‘आमच्याकडे’ नीट ऐका. पोटच्या मुलीशी बोलताना कोणती आई ‘आमच्याकडे’ म्हणते? हा शब्द पाहुण्यासाठी असतो. म्हणजे खोलीत तिसरं माणूस येऊन बसलंय, आणि ते तुम्हीच बरोबर आणलंय. परदेशातला प्रेक्षक, ती संस्था, महोत्सवाची निवड समिती, यातलं कोणीही असेल. आईने त्याला तुमच्या आधी ओळखलं आणि यजमानीणबाईंसारखी बोलायला लागली.

संस्थेचा शेरा, भावाची भीती आणि तुमची शंका या मला तीन वेगळ्या अडचणी वाटतच नाहीत. तिघेही एकच विचारताहेत: हे सांगणं कोणाला? ते ठरलं की कॅमेरा कुठे ठेवायचा, उपशीर्षकं किती द्यायची, कुठे थांबायचं, हे बरंचसं आपोआप ठरत जातं.

दिग्दर्शिका शान्ताल आकेरमनचं उदाहरण घेते, कारण ते तुमच्या सामग्रीच्या सर्वांत जवळचं आहे. ती 1950 साली ब्रसेल्समध्ये जन्मली, पोलंडमधून आलेल्या ज्यू कुटुंबात. आई आउश्वित्झच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतलेली. 1971 मध्ये मुलगी न्यू यॉर्कला निघून गेली आणि आईची पत्रं सुरू झाली. काही वर्षांनी, 1976 मध्ये, त्याच शहरात तिने ‘न्यूज फ्रॉम होम’ चित्रित केला. पडद्यावर फक्त न्यू यॉर्क दिसतं: रस्ते, भुयारी रेल्वे, फलाटावरची माणसं. आवाजात आईची पत्रं, मुलीनेच वाचलेली, सपाट आणि घाईघाईने. मजकूर अगदी साधा. तब्येती, नातेवाइकांच्या बातम्या, पत्र का लिहीत नाहीस. मुलीचं एकही उत्तर चित्रपटात नाही. मध्येच गाडी धडधडत येते आणि आईचे शब्द त्या आवाजात बुडून जातात.

संकलक म्हणून मला त्या बुडण्याचं फार अप्रूप आहे. आमच्या धंद्यात असा आवाज आला की आम्ही तो खाली खेचतो, शब्द वर आणतो. तिथे तो तसाच ठेवल्यामुळे, आईचं बोलणं मुलीपर्यंत किती पोचत होतं, हे एकही शब्द न उच्चारता कळतं. दूर जाणं हा तिच्या चित्रपटाचा विषय आहेच, पण तिने ते ध्वनीच्या रचनेत घातलं. तुमच्या ध्वनिमुद्रणांत फोन कापला जातो, आवाज अडकतो, दोघी एकाच वेळी बोलायला लागता आणि मग दोघी गप्प होता. तुम्ही लिहिलंय की हे सगळं ‘साफ’ करून घेतलंय. मूळ फाइली जपून ठेवल्या असतील अशी आशा करते.

आता स्त्रीवादी म्हणजे काय, याकडे येते. आईच्या आयुष्यात पुरेसा अन्याय आहे का, अशा अर्थाने तुम्ही ते विचारलंय. कच्चा माल तपासावा तसं. मी हा प्रश्न उलटा धरते. आकेरमननेच 1975 मध्ये, वयाच्या पंचविशीत, ‘जान डीलमान’ केला. 201 मिनिटं. एक विधवा, तिचा मुलगा आणि तीन दिवस. ती बटाटे सोलते, अंथरूण आवरते, भांडी घासते, आणि दुपारी पैसे घेऊन घरी पुरुष घेते. कॅमेरा हलत नाही आणि चेहऱ्याजवळ घुसत नाही. तो दिग्दर्शिकेच्या स्वतःच्या उंचीवर लावलेला आहे, आणि ती बुटकी होती. कामं पूर्ण वेळ चालतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी बटाटे जास्त शिजतात तेव्हा प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. ‘साइट अँड साउंड’ मासिक 1952 पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतं. 2022 मध्ये त्यात हा चित्रपट पहिला आला. बाईने केलेला चित्रपट त्या जागी पहिल्यांदाच पोचला.

यातली स्त्रीवादी गोष्ट कुठे आहे? कथेतही आहेच. पण माझ्या दृष्टीने ती कात्री न लावण्यात आहे. घरकाम ही गोष्ट संकलक सर्वांत आधी कापतो. बाई भांडं उचलते, कट, भांडी घासून झालेली. शंभर वर्षं आम्ही हेच करत आलो, कारण त्यात ‘काही घडत नाही’. मीही केलंय, आणि दिग्दर्शिकेने आभार मानलेत. दुसऱ्या भेटीत आई कपड्यांच्या घड्या घालतानाचं सलग अकरा मिनिटांचं चित्रण आहे आणि ‘त्यातून दोन वाक्यं काढता येतील’ असं तुम्ही लिहिलंय. ती दोन वाक्यं मिळतील हो. पण आधी ते सगळं एकदा आवाज बंद करून बघा. हात कुठे थबकतात, कोणता कपडा दोनदा घडी होतो, ते टिपून ठेवा. मला वाटतं, तुमचा चित्रपट तिथे असण्याची शक्यता बरीच आहे.

संस्थेला ‘वाढवायचा’ असलेला संघर्षही तिथेच असेल. फक्त तो भांडणाच्या रूपात नसेल.

उपशीर्षकांबद्दल जरा पाल्हाळ लावणार आहे, कारण स्थलांतरितांचे चित्रपट तिथे सर्वांत जास्त मार खातात आणि हे काम सर्वांत शेवटी, दमलेल्या माणसांकडून, आठवडाभरात उरकलं जातं. प्रचलित पद्धत अशी की इंग्रजी उपशीर्षकाच्या दोन ओळी, एका ओळीत साधारण 42 अक्षरं, आणि पडद्यावर फार तर सहा-सात सेकंद. मराठी बाईचं बोलणं यात बसवताना काय गळतं ते पाहा. तुमची आई म्हणते, ‘मला या घरात दिली.’ भाषांतरकाराने लिहिलंय, माझं लग्न या घरात झालं. मूळ वाक्यात देणारे कोणी वेगळेच आहेत आणि बोलणारी ही दिलेली वस्तू आहे. तिने तक्रार केलेली नाही, व्याकरणाने केली आहे. भाषांतराने ती पुसून टाकली. तसंच ‘ते’ आणि ‘तो’चं. तुमच्या वडिलांबद्दल बोलताना आई ‘ते’ म्हणते आणि एका ठिकाणी, फक्त एकदाच, ‘तो’ म्हणते. तुम्ही उताऱ्यात ते अधोरेखित केलंय, पण इंग्रजीत दोन्ही जागी एकच शब्द उरतो.

मग करायचं काय? कधी उपशीर्षक बदलून काम भागतं: ‘त्यांनी मला इथे देऊन टाकलं’ अशा अर्थाचं लिहा, इंग्रजी जरा अडखळली तर अडखळू द्या. कधी भागत नाही. तेव्हा त्या ‘तो’नंतर चित्राला दोन सेकंद जास्त द्या, म्हणजे आईच्या चेहऱ्यावर जे होतं ते सगळ्यांना दिसेल. आणि कधी उपशीर्षक देऊच नका.

शेवटच्या उपायावर संस्था हरकत घेईल. तेव्हा मोना हातूमची ‘मेझर्स ऑफ डिस्टन्स’ ही 1988 ची पंधरा मिनिटांची चित्रफीत त्यांच्यापुढे ठेवा. हातूम बैरूतमधल्या पॅलेस्टिनी कुटुंबातली. 1975 मध्ये ती लंडनला असताना लेबनॉनमध्ये यादवी युद्ध पेटलं आणि तिला परतता आलं नाही. चित्रफितीत न्हाणीघरातल्या आईची छायाचित्रं आहेत आणि त्यांच्यावर आईच्या पत्रांतली अरबी अक्षरं जाळीसारखी पसरलेली. पत्रं मुलगी इंग्रजीत वाचते. खाली मायलेकींचं अरबीतलं हसतखिदळत चाललेलं बोलणं ऐकू येत राहतं, आणि त्याचं भाषांतर दिलेलं नाही. अरबी न कळणाऱ्याला पत्रं कळतात, हसणं कळतं, गप्पा कळत नाहीत. त्याचं काही बिघडत नाही. दार बंद आहे, पण आत माणसं सुखात आहेत, एवढं त्याला समजतं. आणि अरबी येणारी एखादी बाई प्रेक्षागृहात असेल, तर जन्मात पहिल्यांदा तिला बाकीच्यांपेक्षा जास्त कळत असतं.

तुमच्या भावासाठीही त्याच चित्रफितीत एक जागा आहे. आईची पत्रं सांगतात की त्या छायाचित्रांवरून वडील रागावले होते, मुलीने जणू त्यांच्या मालकीच्या जागेत शिरकाव केला असावा तसे. आईने हे मुलीला मोकळेपणाने लिहिलं आणि तरीही छायाचित्रं वापरायला होकार दिला. घरातल्या पुरुषाची हरकत चित्रपटाबाहेर ठेवायची की चित्रपटात घ्यायची, हा निर्णय तुमचा. माझा अनुभव असा की ती आत घेतली की तिची धार कमी होते आणि चित्रपट जास्त प्रामाणिक होतो. भावाला खलनायक मात्र करू नका. तो तिथे राहिलाय, तुम्ही निघून गेलात. चव्हाट्यावरची बोलणी त्याला ऐकावी लागतील.

त्याच्या भीतीत अर्धं सत्यही आहे. परदेशात तुमच्या समाजाबद्दलचे चित्रपट मुळात कमी, त्यामुळे जो येतो त्याच्यावर सगळ्यांचं ओझं पडतं. एक आई दाखवली की ‘त्यांच्यातल्या आया अशा’ असं होतं. यातून सुटायला गुरिंदर चढ्ढाने 1993 मध्ये सोपी आणि हुशार युक्ती काढली. ‘भाजी ऑन द बीच’मध्ये तिने एका बसमध्ये वेगवेगळ्या वयांच्या दक्षिण आशियाई बायका भरल्या आणि एका दिवसासाठी इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर नेल्या. नवऱ्याला सोडून आलेली, लग्नाआधी दिवस गेलेली, नियम सांगणारी, नियम मोडायची स्वप्नं बघणारी. बायका आपसांतच भांडतात, त्यामुळे कुठल्याही एकीला समाजाची प्रतिनिधी होता येत नाही. तुमच्याकडे बस नाही, पण फोनवरच्या संभाषणांत मावशी आहे, शेजारीण आहे, आणि दोघी आईला खोडून काढतात. ‘विषयांतर’ असं नाव देऊन तुम्ही त्यांचा जो फोल्डर केलाय, तो उघडा.

आता हक्काचा प्रश्न. ट्रिन मिन-हा 1952 साली हनोईत जन्मली आणि 1970 मध्ये अमेरिकेला गेली. 1982 च्या तिच्या सेनेगलमधल्या चित्रपटात तिचं म्हणणं आहे की मी कोणाविषयी बोलणार नाही, फक्त त्यांच्या जवळून बोलेन. हे वाक्य आता इतकं उद्धृत होतं की गुळगुळीत झालंय. मला तिचं 1989 चं काम, ‘सरनेम व्हिएत गिव्हन नेम नाम’, जास्त उपयोगी वाटतं. व्हिएतनाममधल्या बायकांच्या मुलाखती आहेत असं समजून आपण बघत असतो. मग लक्षात येतं की त्या मुलाखती आधीच फ्रेंच पुस्तकात छापलेल्या होत्या, त्यांचं इंग्रजी केलं गेलं, आणि समोर बोलणाऱ्या बायका अमेरिकेत राहणाऱ्या स्थलांतरित आहेत, त्या दुसरीचे शब्द बोलताहेत. पुढे त्याच बायका स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलतात. मुलाखत म्हणजे सत्य, ही आपली सवय तिथे मोडते. हे सांगायचं कारण व्यावहारिक आहे. आई उद्या ‘माझा चेहरा नको’ म्हणाली तर चित्रपट संपला असं समजू नका. तिचे शब्द दुसरी बाई बोलू शकते, तुम्ही बोलू शकता, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून येताहेत हे प्रेक्षकापासून लपवायची गरज नाही.

निघून गेलेल्या मुलीला हक्क नाही, हे मला पटत नाही. तिला पूर्ण हक्क आहे, हेही पटत नाही. मीरा नायरच्या 1982 च्या ‘सो फार फ्रॉम इंडिया’ या माहितीपटात न्यू यॉर्कच्या भुयारी रेल्वेत वर्तमानपत्रं विकणारा माणूस आहे, आणि भारतात सासरी मूल घेऊन त्याची वाट बघणारी बायको. कॅमेरा दोन्हीकडे जातो. स्थलांतराची गोष्ट सहसा गेलेल्याच्या बाजूने सांगितली जाते, इथे मागे राहिलेलीलाही तिचा राग दिसेल एवढी जागा मिळते. तुमच्या साहित्यात तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षाबद्दल आई एकदाही बोललेली नाही, की तुम्ही विचारलेलंच नाही? तुमच्या प्रश्नांची यादी पाहिली. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, अर्धवट राहिलेल्या शिक्षणाबद्दल प्रश्न आहेत. तुमच्याबद्दल एकही नाही. आईवर ज्यांनी ज्यांनी काही लादलं त्या सगळ्यांची हजेरी घेतलीत आणि स्वतःला गैरहजर ठेवलंत. पुढच्या फोनवर तेवढं विचारून घ्या.

उशिरा सुरुवात, दिवसाची नोकरी, कोणी ओळखत नाही, याबद्दल थोडक्यात. माया डेरेन 1917 साली कीवमध्ये जन्मली, पाच वर्षांची असताना कुटुंब अमेरिकेला पळून आलं. 1943 मध्ये तिने आणि तिच्या नवऱ्याने, तोही स्थलांतरित, 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर स्वतःच्या घरात चौदा मिनिटांचा चित्रपट केला. अमेरिकेतल्या प्रायोगिक चित्रपटांचा इतिहास त्याच्याशिवाय सांगता येत नाही. 1946 मध्ये तिने न्यू यॉर्कमध्ये नाट्यगृह भाड्याने घेऊन स्वतःच खेळ लावले. दुसऱ्या कोणी लावेल याची वाट पाहिली नाही.

दुसरं नाव सावधगिरीसाठी. अॅलिस गी ही चित्रपट दिग्दर्शित करणारी पहिली बाई मानली जाते. तिने सुरुवात केली फ्रान्समध्ये 1896 साली. 1907 मध्ये लग्न करून अमेरिकेला गेली, 1910 मध्ये स्वतःची सोलॅक्स ही कंपनी काढली आणि न्यू जर्सीत स्टुडिओ उभा केला. संसार आणि धंदा दोन्ही मोडल्यावर 1922 मध्ये ती फ्रान्सला परतली. तिथे तिला दिग्दर्शनाचं काम मिळालं नाही. पुढची अनेक वर्षं तिने आपलेच चित्रपट शोधण्यात आणि ते आपण केलेत हे सिद्ध करण्यात घालवली. दोन देशांत काम केलेल्या बाईला दोन्ही देश विसरू शकतात. म्हणून श्रेयनामावलीत तुमचं नाव कोणत्या क्रमाने आणि कोणत्या पदासह येईल हे करारात लिहून घ्या, अंतिम आवृत्ती कोण ठरवणार हेही. आणि सगळ्या साहित्याच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. हे कलेइतकंच गंभीर आहे.

तुमचा चित्रपट कोणत्या देशाचा, असंही विचारलंय. ते अर्ज भरताना ठरेल. दीपा मेहताच्या ‘वॉटर’चं चित्रीकरण 2000 साली वाराणसीत बंद पाडलं गेलं, नंतर ते श्रीलंकेत पूर्ण झालं, आणि 2007 च्या ऑस्करला तो हिंदी चित्रपट नामांकित झाला कॅनडाकडून. त्याच सुमाराला अकादमीने ‘चित्रपट पाठवणाऱ्या देशाच्या भाषेतच हवा’ ही अट काढून टाकली होती, म्हणून हे जमलं. नियम बदलत राहतात. त्यावर आत्ता झोप घालवू नका.

संस्थेला काय उत्तर द्यायचं? ‘नाही’ म्हणू नका. तीच दहा मिनिटं दोनदा कापा. एकदा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, निवेदन घालून, संदर्भ देऊन. एकदा फोनच्या आवाजावर, घड्या घालणाऱ्या हातांवर, फक्त आईशी बोलल्यासारखी. दोन्ही एकाच दिवशी त्यांना दाखवा. मी हे तीन वेळा करून पाहिलंय. दोनदा समोरच्यांनी दुसरी निवडली. तिसऱ्या वेळी नाही निवडली, आणि त्या दिग्दर्शिकेने पैसे सोडले. तिचा चित्रपट पूर्ण व्हायला आणखी चार वर्षं लागली. ती चार वर्षं सोपी होती असं मी सांगणार नाही.

राहता राहिला तो प्रसंग. आई ‘आता बंद कर ते’ म्हणते, तुम्ही कॅमेरा खाली ठेवता पण बंद करत नाही, आणि मग ती खरं बोलते. पडद्यावर फक्त फरशी आणि खुर्चीचा पाय. तुम्हाला ठाऊक आहे की चाळीस तासांतलं सर्वोत्तम तेच आहे. मलाही तुमच्या वर्णनावरून तसंच वाटतं, आणि म्हणूनच तो तुकडा आत्ता टाइमलाइनवर घेऊ नका. एकदा घेतला की बाकीचा चित्रपट त्याच्याभोवती बांधला जाईल आणि मग तो काढणं तुम्हाला जमणार नाही. पुढच्या भेटीत आईला तो दाखवा, पूर्ण, आवाजासकट, भाऊ घरी नसताना. आई ‘नको’ म्हणाली तर तो गेला. ‘ठेव’ म्हणाली तर मला कळवा. आणि उतारे पाठवाल तेव्हा इंग्रजीतले नकोत, तिच्या तोंडचे जसेच्या तसे पाठवा.